वालावल

वालावल : सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या कुडाळ तालुक्यातील गाव. कुडाळच्या पश्चिमेस दहा-बारा किमी., कर्ली नदीच्या काठी. लक्ष्मीनारायणाचे देऊळ व त्याला लागून असलेले तळे यांसाठी ते प्रसिद्ध आहे. भोवती डोंगर, माड-पोफळीच्या बागा. दशावतारी खेळांच्या जुन्या मंडळांत वालावलकरांचे नाव आदराने घेतले जाते. कर्ली इथून खाली रुंदावत देवबागजवळ समुद्राला मिळते.

गावाला सर्वांत जवळचा विमानतळ परुळे-चिपीचा. तो वेंगुर्ले तालुक्यात, जांभ्याच्या सड्यावर आहे. वालावलहून सरळ रेषेत दहा किमी.च्या आतच, पण रस्ता वळणांचा. धावपट्टी २,५०० मी. लांबीची. पहिले चाचणी विमान २०१८ च्या गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी उतरले, तेही गणपतीची मूर्ती घेऊन. प्रवासी वाहतूक मात्र ९ ऑक्टोबर २०२१ रोजी सुरू झाली. दुसरा विमानतळ गोव्याच्या पेडणे तालुक्यातील मोपा. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे उद्‌घाटन झाले आणि जानेवारी २०२३ पासून तेथून उड्डाणे सुरू झाली.

चिपी ते मोपा हवाई अंतर जेमतेम ४५ किमी. एटीआर जातीचे विमान ताशी सुमारे ५०० किमी. वेगाने जाते, तेव्हा हिशेबाने हा प्रवास पाच-सहा मिनिटांचा. हिशेब बरोबर असला तरी प्रवाशाच्या उपयोगाचा नाही. वर चढून स्थिर होण्याआधीच विमानाला उतरण्याची तयारी करावी लागेल. वालावलहून मोपाला जायचे तर कुडाळला येऊन महामार्ग ६६ धरावा, सावंतवाडीची वेस आणि बांदा ओलांडावे. सुमारे ६० किमी., दीड तास.

खरा प्रश्न मुंबईचा. चिपी-मुंबई हवाई अंतर सुमारे ३५० किमी., म्हणजे पाऊण तासाचे; वेळापत्रकात मात्र जवळजवळ दीड तास धरलेला असे. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. एका वेळी एकच वापरता येत असल्याने छोट्या विमानालाही आकाशात घिरट्या घालत आणि जमिनीवर रांगेत थांबावे लागते. त्यात घर ते विमानतळ, तपासणी आणि उतरल्यावरचा टॅक्सीचा प्रवास मिळवला की चाकरमान्याचा अर्धा दिवस जातोच. तरी रात्री मुंबईत गाडीत बसून सकाळी कुडाळला उतरण्यापेक्षा हे कमी; फक्त कोकण रेल्वे रोज येते, याची खात्री असते. पावसाळ्यात ढग सड्यावर टेकले की विमानाचे काही खरे नसते.

‘उडान’ या सरकारी प्रादेशिक हवाई सेवा योजनेखालची मुंबई मार्गाची तीन वर्षांची मुदत ऑक्टोबर २०२४ मध्ये संपली आणि अलायन्स एअरची मुंबई फेरी थांबली. त्याआधी ऑगस्टमध्ये फ्लाय९१ ने पुण्याची सेवा सुरू केली होती. पुण्याचे हवाई अंतर सुमारे २९० किमी. ऐन चतुर्थीत मात्र ७० आसनांच्या विमानाने गावचा भार हलका होत नाही. त्या दिवसांत वालावलचा माणूस आधी रेल्वेचे आरक्षण पाहतो, मग खासगी बस, आणि तेही न जमल्यास मोपाचे तिकीट.