पॉवर टिलर : चिखलणीनंतर इंजिनाची निगा व साठवण

कोकणातील लहान, पायऱ्यापायऱ्यांच्या भातखाचरांत ट्रॅक्टर वळत नाही. तिथे पॉवर टिलरच उपयोगी पडतो. हे यंत्र जून-जुलैमध्ये दिवसाला आठ-दहा तास चालते आणि वर्षाचा बाकी बराच काळ पडवीत उभे असते. माझ्या पाहण्यात आलेले इंजिनाचे बरेच बिघाड या उभे राहण्याच्या काळातले आहेत.

मी प्रभादेवीत राहतो. इथल्या, तसेच लालबाग-परळमधल्या अनेक कुटुंबांची शेती रत्नागिरी-सिंधुदुर्गात आहे. टिलर चाकरमान्याच्या नावावर असतो, चालवतो गावातला भाऊ किंवा गडी. चिखलणी संपली की तो तसाच चिखलासकट बाजूला लागतो आणि देखभाल ‘मे महिन्यात गावी गेल्यावर बघू’ यावर राहते. आमच्या घरीही हेच चालत असे. एका वर्षी ऐन लावणीत इंजिन सुरू झाले नाही. टाकीच्या तळाशी पाणी व गंज होता, नोझल अडकले होते. तरवा वाढत राहिला, लावणी दहा दिवस लांबली. हा खोळंबा टाळायचा तर देखभालीचा योग्य मुहूर्त मे नसून गणपतीची सुट्टी आहे.

ऑइल आधी बदलावे, नंतर नव्हे

वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये काजळी, ओलावा आणि जळणातून तयार झालेली आम्ले मिसळलेली असतात. असे ऑइल महिनोन्‌महिने आत राहिले तर बेअरिंग आणि इतर धातूचे भाग खराब होतात. म्हणून यंत्र ठेवण्यापूर्वीच ऑइल बदलावे. इंजिन दहा मिनिटे चालवून गरम असतानाच ड्रेन बोल्ट उघडावा, म्हणजे गाळही बाहेर येतो. पुस्तिकेत सांगितलेल्याच ग्रेडचे ऑइल भरावे व पुन्हा पाच मिनिटे इंजिन चालवावे. हंगामात यंत्र खूप चालले तर पुस्तिकेतील तासांप्रमाणे मध्येही बदल करावा लागतो. त्यासाठी चालवणाऱ्याने रोजचे तास भिंतीवर खडूने लिहिले तरी पुरते. काढलेले काळे ऑइल खाचरात किंवा पऱ्यात ओतू नये, डब्यात भरून गॅरेजला द्यावे.

डिझेल टाकी एक तर काठोकाठ भरावी किंवा पूर्ण रिकामी करावी. अर्धवट टाकीत दमट हवेतले पाणी साचते आणि गंज सुरू होतो. हॉपर किंवा रेडिएटरमध्ये साधे पाणी असेल तर काढून टाकावे. कूलंट असेल तर राहू द्यावे. रेडिएटरच्या जाळीतला चिखल पाण्याने धुवावा, पण इंजिन थंड झाल्यावरच. तापलेल्या इंजिनावर गार पाणी पडले तर हेडला तडा जाऊ शकतो.

यानंतरची पायरी बहुतेक जण विसरतात. डिझेल बंद ठेवून फ्लायव्हील हाताने फिरवावे आणि कॉम्प्रेशनचा जोर लागतो तिथे, खुणेपाशी थांबवावे. या स्थितीत दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, सिलिंडरमध्ये दमट हवा शिरत नाही. सायलेन्सरच्या तोंडावर डबा उपडा घालावा. पट्टे सैल करून ठेवावेत.

एअर क्लीनर

ऑइल बाथ प्रकारात वाटीतले ऑइल चिकट किंवा गढूळ दिसताच बदलावे, जाळी डिझेलने धुऊन निथळू द्यावी. कोरड्या जमिनीत नांगरट किंवा मळणी असेल तेव्हा रोज पाहावे. वाटी खुणेपर्यंतच भरावी. जास्त भरल्यास ऑइल इंजिनात ओढले जाऊन वेग हाताबाहेर जाऊ शकतो. कागदी फिल्टर कधीही धुऊ नये.

मृगापूर्वी सुरू करताना

फिल्टरच्या तळाचे पाणी काढावे, डिझेल ताजे भरावे आणि पाइपातील बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढावी. डिकॉम्प्रेशन लीव्हर उचलून, डिझेल बंद ठेवून हँडल वीस-पंचवीस वेळा फिरवावे, म्हणजे ऑइल वरपर्यंत पोहोचते. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा. झटका उलटा आला तर मनगट वाचते. सहायक कृषी अधिकाऱ्यांनी प्रात्यक्षिकात हे एवढे तरी जरूर दाखवावे.

सुरू झाल्यावर धूर पाहावा. काळा धूर टिकून राहिला तर एअर क्लीनर तुंबला आहे, भार जास्त आहे किंवा नोझल बिघडले आहे. निळसर असेल तर ऑइल जळते आहे, रिंगा तपासाव्या लागतील. पांढरा धूर थंड इंजिनात थोडा वेळ चालतो. इंजिन तापल्यावरही थांबत नसेल तर नोझल किंवा हेड गॅस्केटकडे पाहावे. नोझल व पंप मात्र घरी खोलू नयेत, तपासणीचे यंत्र असलेल्या कारागिराकडेच न्यावेत. आणि तेही मे महिन्याच्या सुरुवातीलाच, कारण शेवटच्या आठवड्यात त्याच्याकडे रांग असते.