जर्मनीत शिकताना पार्ट-टाइम काम: १४० दिवस आणि २० तास, दोन वेगळे हिशोब

जर्मनीत मास्टर्सला निघालेले ज्युनियर मला हमखास विचारतात, "आठवड्याला २० तास काम करता येतं ना?" येतं, पण हे अर्धंच उत्तर आहे. तिथे दोन मर्यादा एकाच वेळी लागू असतात. एकाच एपीआयवर दोन रेट लिमिट असावेत तसं. एक मर्यादा परमिटची, दुसरी विम्याची.

पहिला हिशोब: वर्षाला १४० दिवस

हा नियम रेसिडेन्स परमिटच्या कायद्यातला आहे. भारतीय विद्यार्थ्याला वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. मार्च २०२४ च्या आधी हेच आकडे १२० आणि २४० होते, त्यामुळे जुने व्हिडिओ बघून हिशोब करू नका.

चार तासांपर्यंत काम केलं तर अर्धा दिवस धरतात, त्याहून जास्त झालं की पूर्ण. दुसरी पद्धत आठवड्याची: लेक्चर चालू असताना आठवड्याचं काम २० तासांच्या आत असेल, तर तो आठवडा अडीच दिवसांचा धरतात. समजा तुम्ही रोज ५ तास असे ४ दिवस काम केलं. दिवसांनी मोजलं तर ४ दिवस खर्च झाले, आठवड्याने मोजलं तर अडीच. जी मोजणी तुमच्या फायद्याची, ती लागू होते.

विद्यापीठातलं असिस्टंटचं काम (ज्याला तिथे 'हीवी' म्हणतात) आणि अभ्यासक्रमातली सक्तीची इंटर्नशिप या १४० दिवसांत धरत नाहीत. स्वतःच्या हौसेने केलेली इंटर्नशिप मात्र धरतात.

दुसरा हिशोब: आठवड्याला २० तास

हा नियम सामाजिक विम्याचा आहे. लेक्चर चालू असताना २० तासांच्या आत राहिलात तर कायद्याच्या नजरेत तुम्ही आधी विद्यार्थी आणि मग कामगार. अशा 'वर्किंग स्टुडंट'च्या पगारातून आरोग्य आणि बेरोजगारी विम्याचा हप्ता कापत नाहीत, फक्त पेन्शनचा कापतात. तो एकूण १८.६ टक्के असतो. त्यातला तुमचा वाटा जास्तीत जास्त निम्मा.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. हीवीचे तास १४० दिवसांत येत नसले, तरी या २० तासांत येतात. १० तास हीवी आणि १५ तास कंपनीत, म्हणजे २५ झाले. सुट्टीत, तसंच संध्याकाळी किंवा शनिवार-रविवारी जास्त काम करायला मर्यादित सूट आहे.

फ्रीलान्सिंगचं काय?

आपल्या इंजिनियर मंडळींचा पाय इथेच अडकतो. विद्यार्थी परमिटवर नोकरी चालते, स्वतंत्र धंदा चालत नाही. फ्रीलान्स प्रोजेक्ट घेऊन बिल पाठवायचं असेल तर आधी परदेशी नागरिकांच्या ऑफिसची वेगळी परवानगी लागते. क्लायंट पुण्यातला आहे आणि पैसे भारतातल्या खात्यात येतात, म्हणून सुटका होत नाही. तुम्ही जर्मनीत बसून काम करताय, ते महत्त्वाचं.

पैशाचं गणित

जानेवारी २०२६ पासून किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे. आठवड्याला २० तास धरले तर कपातीआधी महिन्याला साधारण १,२०० युरो होतात. ब्लॉक्ड अकाउंटमधून महिन्याला ९९२ युरो काढता येतात. कागदावर हे छान जुळतं, पण पहिल्या सेमिस्टरला काम मिळेलच असं नाही, आणि जर्मन येत नसेल तर पर्याय कमी होतात. म्हणून माझा सल्ला स्पष्ट आहे: पहिल्या वर्षाचा खर्च पार्ट-टाइमच्या भरवशावर ठेवू नका. शिक्षण कर्जाचा हप्ता तर नाहीच नाही.

सही करण्याआधी

- कॉन्ट्रॅक्टमध्ये आठवड्याचे तास लिहिलेत का, बघा.
- दुसरं काम असेल तर दोन्ही मालकांना सांगा.
- तारीख, तास आणि कामाचा प्रकार एका शीटमध्ये रोज लिहा.
- परमिटसोबत मिळालेल्या कागदावरची कामाची अट वाचा.

२० तास ओलांडले तर पगारातून जास्त पैसे कापले जातात. १४० दिवस ओलांडले तर परमिटच्या मुदतवाढीवर गदा येऊ शकते. पैसे पुन्हा कमावता येतात. अर्धवट राहिलेली डिग्री घेऊन घरी परतणं फार महाग पडतं.