वार, नग आणि किलो

मागच्या हिवाळ्यात चिंचवड स्टेशनजवळच्या एका हॉलवर फलक लागला होता : 'कपडे किलोवर. फक्त चार दिवस.' सहज आत डोकावलो. लांबच लांब टेबलांवर कपड्यांचे ढीग होते. शर्ट, कुर्ते, जीन्स, लहान मुलांचे फ्रॉक. दाराशी इलेक्ट्रॉनिक काटा आणि काट्यामागे पावती करणारा मुलगा. भाव एकच, 400 रुपये किलो. माझ्यापुढच्या बाईंचा शर्ट 180 ग्रॅम भरला, झाले 72 रुपये. त्यांच्या मागच्या तरुणाची जीन्स 650 ग्रॅम, म्हणजे 260 रुपये. जाड कापड महाग, पातळ स्वस्त. हे गणित लोकांना लगेच उमगलं होतं. मंडईत वांगी जोखावीत तसा जो तो कपडा आधी तळहातावर जोखून बघत होता.

हे कपडे जुने नव्हते बरं का. निर्यातीसाठी शिवलेले, पण जास्त झाले म्हणून किंवा कुठे बारीक दोष राहिला म्हणून मागे पडलेले. बऱ्याच कपड्यांची कॉलरमागची लेबलं कापलेली होती. मला मात्र तिथे उभं असताना आमचं लहानपण आठवत होतं. तेव्हा कपडा काट्यावर चढायचा तो अगदी शेवटी, त्याचं सगळं आयुष्य सरल्यावर.

कापडाचं आयुष्य त्याच्या मापांवरून वाचता येतं. कापूस वजनावर विकला जातो. त्याचा भाव बाजारात आजही खंडीवर बोलला जातो. सूतही वजनावरच. पण सूत मागावर चढून त्याचं कापड झालं, की माप बदलतं. मग ते हाताने, गजाने, वाराने मोजायचं. साडीचं तर नावच आपण मापावरून ठेवलं : नऊवारी, पाचवारी. 1956 च्या कायद्याने देशात मेट्रिक मापं आणली. 1 ऑक्टोबर 1958 पासून टप्प्याटप्प्याने शेर आणि मण गेले, किलो आला. पुढे वाराची जागा मीटरने घेतली, पण नऊवारी ती नऊवारीच राहिली. कापड शिवून झालं की पुन्हा माप बदलतं. शर्ट कोणी मीटरवर मागत नाही, तो नगावर. आणि वापरून विरला, फाटला, की त्याची चिंधी होते आणि ती पुन्हा कापसासारखी वजनावर जाते. वजन, लांबी, नग आणि परत वजन, असा हा फेरा.

या फेऱ्यात नग आणि वजन यांच्या मधोमध आपल्याकडे एक माणूस उभा असायचा. ती म्हणजे बोहारीण. डोक्यावर भांड्यांची पाटी, काखेत कपड्यांचं बोचकं, आणि दुपारच्या वेळी गल्लीत येणारी तिची लांबलचक हाक. या व्यवसायात गुजरातकडून आलेल्या देवीपूजक समाजाच्या बायका मोठ्या संख्येने होत्या. बोहारीण काटा बाळगत नसे. ती साडीचा काठ उलटून बघे, जर खरी की खोटी ते ओळखे, पँटचे गुडघे उजेडात धरी, शर्टाची कॉलर बोटांनी चाचपे. मग तासभर घासाघीस. आई म्हणे, डबा दे. ती म्हणे, वाटी घ्या. शेवटी मधलं काहीतरी ठरे. त्यातले धड कपडे धुऊन, इस्त्री करून जुन्या बाजारात जात. पुण्यात मंगळवार पेठेत रविवारी आणि बुधवारी भरत आलेला जुना बाजार अनेकांना ठाऊक असेल. जे धड नसे, तेच चिंध्यांच्या गठ्ठ्यात पडून काट्यावर जाई.

आणि चिंधीलाही मोल होतं. आपल्या जुन्या दफ्तरांतला जुन्नरी कागद प्रसिद्ध आहे. पुण्याच्या कसबा पेठेत कागदीपुरा आहे, तो कागद करणाऱ्यांचाच. जुनी गोणपाटं, दोर, चिंध्या कुटून त्यांच्या लगद्यापासून हा हातकागद होत असे. पुण्यात 1940 साली हातकागदाची संस्था निघाली, तिचाही कच्चा माल म्हणजे सुती चिंध्या. नेसून जीर्ण झालेलं लुगडं असं एखाद्या वहीचं पान होऊन परत येत असे.

चिंचवडच्या परिसरात चिंधीला वेगळंच गिऱ्हाईक मिळालं. 1954 मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली. 1962 मध्ये औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं. त्याच दशकात बजाज, टेल्को आल्या आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी शेकडो छोटी वर्कशॉप भोसरी, चिंचवड, आकुर्डीत उभी राहिली. 1970 मध्ये या गावांची मिळून नगरपालिका झाली. जिथे यंत्र तिथे तेल, आणि जिथे तेल तिथे पुसायला फडकं. लेथवर काम करणाऱ्याला दिवसाला मूठभर 'वेस्ट' लागतंच. हे वेस्ट गठ्ठ्यांनी येई आणि किलोवर घेतलं जाई. त्याचीही प्रतवारी असते. पांढरं सुती सर्वांत वरचं, कारण ते तेल शोषतं आणि त्याचा रंग सुटत नाही. बनियनचं विणलेलं कापडही चालतं. नायलॉनचं नको, ते नुसतं तेल पसरवतं. बटणं आणि चेन आधी काढाव्या लागतात, नाहीतर घासून गुळगुळीत केलेल्या पृष्ठभागावर ओरखडा उठतो.

माझे वडील अशाच एका वर्कशॉपमध्ये फिटर होते. एके दिवशी वेस्टच्या गठ्ठ्यात त्यांना लहान मुलाचा चौकड्यांचा शर्ट अख्खा सापडला. कापायचा राहून गेलेला. स्टोअरकीपरला विचारून, वजन करून, त्याचे पैसे भरून त्यांनी तो घरी आणला. आईने सोड्यात उकळला, बटणं लावली. शिवणकाम तिचं स्वतःचं होतं, त्यामुळे कॉलर उलटी करून बघत ती म्हणाली, "केवढी बारीक टीप आहे रे, कोणी शिवला असेल?"

मी तो दोनदा शाळेत घालून गेलो. तिसऱ्या वेळी वर्गातल्या एका मुलाने विचारलं, "हा वेस्टमधला ना?" त्याचेही वडील त्याच वर्कशॉपमध्ये होते. त्यानंतर मी शर्टाला हात लावला नाही. वडील काही बोलले नाहीत. आईने तो पुढच्या खेपेला दोन जुन्या कपड्यांबरोबर बोहारणीला दिला. बोहारणीने कॉलर चाचपली, शिवण पाहिली आणि काही न बोलता वाटीऐवजी स्टीलची पळी काढून दिली. कारखान्याच्या काट्यावर ज्याची चिंधी झाली होती, त्याचा तिने पुन्हा शर्ट केला. हे मला कळायला पुढे पुष्कळ वर्षं गेली.

वजनावर कपडे विकण्याची ही रीत जगभर आहे. इंग्लंडमध्ये यॉर्कशायरच्या बॅटली गावात 1813 च्या सुमारास बेंजामिन लॉ याने लोकरीच्या चिंध्या पिंजून त्यांचं पुन्हा सूत काढण्याची युक्ती शोधली. त्या कापडाला 'शॉडी' म्हणत. तोच धंदा पुढे आपल्या पानिपतला रुजला. परदेशातून लोकरी कपडे येतात, पण ते पुन्हा अंगावर घालता येऊ नयेत म्हणून फाडलेले असावे लागतात, कारण वापरण्याजोगे जुने कपडे आयात करण्यावर आपल्याकडे निर्बंध आहेत. पानिपतची ही ब्लँकेटं कितीतरी भूकंपांत आणि पुरांत वाटली गेली. अलीकडे स्वस्त पॉलिएस्टरने हा धंदा बराच आटवला आहे.

अमेरिकेत बोस्टनला 1902 साली एडगर हेल्म्स या पाद्र्याने 'गुडविल' ही संस्था काढली. लोकांचे जुने कपडे गोळा करायचे, गरजूंकडून दुरुस्त करवून विकायचे, त्यांना मजुरी द्यायची. आजही त्यांच्या दुकानांत जे खपत नाही, ते वेगळ्या ठिकाणी मोठ्या टपांत ओतून पौंडावर विकतात. तिथेही जे उरतं त्याच्या गासड्या बांधल्या जातात. अशा पाश्चात्त्य गासड्यांपैकी पुष्कळ आफ्रिकेत पोचतात. पूर्व आफ्रिकेत जुन्या कपड्यांना 'मितुंबा' म्हणतात. त्या स्वाहिली शब्दाचा अर्थच मुळी गठ्ठे.

म्हणजे सगळीकडे क्रम एकच होता : आधी अंग, मग काटा. चिंचवडच्या त्या हॉलमध्ये हा क्रम मोडलेला दिसला. तिथला शर्ट कोणाच्याही अंगावर गेला नव्हता, तरी काट्यावर चढला होता. नग होण्याआधीच त्याचं परत वजन झालं होतं. काट्याला सूत कळतं, शिलाई कळत नाही. सरळ शिवण आणि वाकडी शिवण सारखीच भरते. कोणा शिलाई कामगार बाईने मान मोडून घातलेल्या टिपांची किंमत त्या 72 रुपयांत कुठे धरली होती, मला सांगता येणार नाही.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. त्या गर्दीत कॉलेजची मुलं होती, आयटीतली माणसं होती आणि घरकाम करणाऱ्या बायकाही होत्या, सगळ्या एकाच रांगेत. वजनावर घेतलेल्या कपड्याची लाज तिथे कोणालाच नव्हती. लहान मुलांचे कपडे हलके, म्हणून सर्वांत स्वस्त तेच. चार फ्रॉक घेऊनही दीडशे रुपये झाले नाहीत म्हणून एक आई हसत होती. माझ्या वर्गातल्या त्या प्रश्नाला तिथे जागाच नव्हती. एवढं तरी बरं झालं.

बाकी बोहारणी आता क्वचित दिसतात. आमच्याच भागातल्या कुदळवाडीची भंगाराची गोदामं 2025 च्या फेब्रुवारीत महापालिकेने पाडली, हजारो बांधकामं गेली. टाकून दिलेल्या वस्तूंतून धड काय ते निवडणारे पुष्कळ हात त्यांच्याबरोबर पांगले. कपडे मात्र वाढतच आहेत.

मीही नातवासाठी एक शर्ट घेतला. 90 ग्रॅम, 36 रुपये. घरी आल्यावर आईसारखी त्याची कॉलर उलटी करून पाहिली. टीप बारीक होती. आमटीत अजून तीच पळी आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)