४८ मिलिमीटरची गिटार

क्लासिकल गिटारचा नट साधारण ५२ मिलिमीटर रुंद असतो. स्टीलच्या तारांच्या गिटारचा असतो ४३ ते ४५. नट म्हणजे नेकच्या वरच्या टोकाची ती खाचांची पट्टी, जिच्यावरून तारा खुंट्यांकडे जातात. स्टीलवर वाढलेल्या माणसाने क्लासिकल गिटार हातात घेतली की या सात ते नऊ मिलिमीटरांची जाणीव पहिल्याच बार कॉर्डला होते. अंगठ्याला नेकचा काठ सापडत नाही, फ्रेटबोर्ड सपाट असल्याने आडवं बोट नीट बसत नाही आणि बाराव्या फ्रेटच्या पुढे हात पेटीवर आदळतो. आवाज हवाहवासा वाटत असूनही गिटार परत भिंतीवर जाते.

अशा हातासाठी या दोन मापांच्या मधे, ४८ मिलिमीटरच्या आसपास, एक तिसरी गिटार घडली. तारा नायलॉनच्या, नेक मात्र स्टीलवाल्याच्या ओळखीचा. विक्रेते तिला क्रॉसओव्हर किंवा हायब्रिड म्हणतात. क्लासिकलचे अभिमानी तिला ना धड इकडची ना तिकडची ठरवतात, आणि तो मला तिच्यावरचा अन्याय वाटतो. दुसऱ्या वाद्यावरून आलेल्या हातासाठी गिटारने आपलं शरीर बदलण्याची ही काही पहिली वेळ नव्हती. आज आपण जिला अस्सल स्टील गिटार समजतो, तीसुद्धा अशाच एका तडजोडीतून जन्मली आहे.

मुळात सगळ्या गिटारी तातीच्या होत्या. वरच्या तीन तारा मेंढीच्या आतड्याच्या, खालच्या तीन रेशमाच्या धाग्यांवर धातूची बारीक तार गुंडाळलेल्या. स्पेनमध्ये अल्मेरियाच्या आंतोनियो दे तोरेसने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या तारांसाठी पेटी मोठी केली, तबली, म्हणजे पेटीची वरची फळी, पातळ केली आणि तिला आतून पंख्यासारख्या पसरलेल्या सात पट्ट्यांचा आधार दिला. तारेची लांबी ६५० मिलिमीटरच्या घरात स्थिरावली. क्लासिकल गिटार आजही बहुतांशी त्याच आराखड्यावर बनते.

दुसरी शाखा अमेरिकेतली. ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन हा जर्मन कारागीर १८३३ मध्ये न्यूयॉर्कला आला आणि पुढे पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथ गावी स्थायिक झाला. त्याच्या गिटारींत १८४० च्या दशकात तबलीखाली फुलीच्या आकाराच्या पट्ट्या दिसू लागतात. त्याही गिटारी तातीच्याच होत्या. स्टीलच्या तारांचा मोठा ताण पेलायला हीच फुली पुढे उपयोगी पडली, पण ती त्यासाठी जन्मली नव्हती.

स्टीलची मागणी जोरात आली ती हवाईयन संगीताच्या लाटेबरोबर. १९१५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला भरलेल्या पनामा-पॅसिफिक प्रदर्शनानंतर मांडीवर आडवी ठेवून, तारांवर धातूचा दांडा सरकवत वाजवायची गिटार अमेरिकेत घरोघरी पोहोचली. त्या वादनाला लांब टिकणारा स्वर लागतो आणि तो स्टील देतं. मार्टिनच्या कंपनीने १९२२ मध्ये २-१७ हे मॉडेल नेहमीच्या उत्पादनात स्टीलच्या तारा लावून आणलं, आणि दशक संपेपर्यंत कारखान्यातून बाहेर पडणाऱ्या बहुतेक गिटारी स्टीलच्या झाल्या.

या कुळकथेतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा माणूस इथे येतो. अटलांटाचा पेरी बेक्टेल हा नावाजलेला बँजोवादक. जॅझच्या वाद्यवृंदांमधून तेव्हा बँजो मागे पडत होता आणि त्याची जागा गिटार घेत होती. बँजोवाल्यांना पोटासाठी गिटार धरणं भाग होतं, पण त्यांचे हात अरुंद, लांब नेकला सरावलेले. बेक्टेलने १९२९ मध्ये मार्टिनकडे जास्त फ्रेट मोकळे असलेल्या गिटारची मागणी केली. मार्टिनने आपल्या ०००-आकाराच्या पेटीचा वरचा भाग आखूड केला, त्यामुळे नेक बाराव्याऐवजी चौदाव्या फ्रेटला पेटीला भिडू लागला. नटही अरुंद केला. बाराव्या फ्रेटच्या जुन्या मार्टिन गिटारींचा नट पावणेदोन इंचांहून अधिक, म्हणजे एक पूर्णांक सात अष्टमांश इंच होता. नव्या गिटारचा पावणेदोन झाला. हिचं नाव ऑर्केस्ट्रा मॉडेल, ओएम. काही वर्षांतच चौदा फ्रेटची रचना सगळ्या स्टील गिटारींचा नियम बनली.

त्या एक पूर्णांक सात अष्टमांश इंचाचं मिलिमीटरमध्ये रूपांतर केलं तर ४७.६ येतात. आजच्या क्रॉसओव्हरचं जे माप नवलाईने सांगितलं जातं, ते मार्टिनच्या तातीच्या गिटारींचं जुनं माप आहे.

नायलॉन या सगळ्यानंतरचं. ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस करोथर्सच्या चमूने ते १९३५ मध्ये तयार केलं. दुसऱ्या महायुद्धात तात शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी लागू लागली आणि गिटारवाल्यांना ती मिळेनाशी झाली. न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्या आल्बर्ट ऑगस्टीन या डॅनिश वंशाच्या गिटार कारागिराने नायलॉनच्या धाग्यापासून तारा करण्याचा ध्यास घेतला आणि स्पॅनिश गिटारवादक आंद्रेस सेगोव्हियाने त्यांना आपलं वजन दिलं. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस त्या बाजारात आल्या. तात ओलसर हवेत बिघडायची, मैफलीच्या मधेच तुटायची. नायलॉनने ती चिंता संपवली. क्लासिकल गिटारने तार बदलली, देह मात्र तोरेसचाच ठेवला.

तो ठेवण्यामागे कारण आहे. नायलॉन स्टीलच्या मानाने फार हलकं असतं. त्याच स्वराला, तितक्याच लांबीची तार जाड करूनही तिच्यावरचा ताण कमीच राहतो: सहा तारांचा मिळून साधारण ४० किलो, तर स्टीलच्या हलक्या संचाचा ७० च्या वर. कमी ताणाची तार छेडली की रुंद झोका घेते. तिला शेजारच्या तारेपासून अंतर हवं आणि फ्रेटबोर्डापासून थोडी उंचीही. म्हणून स्टीलच्या गिटारवर नुसत्या नायलॉनच्या तारा चढवून भागत नाही. फुलीच्या पट्ट्यांची भक्कम तबली इतक्या कमी ताणाने हलत नाही आणि आवाज पेटीतच राहतो. उलटा प्रयोग तर कुणी करूच नये; क्लासिकल गिटारला स्टील लावलं की ब्रिज उखडून येतो, तबली फुगते.

क्रॉसओव्हर नावाचं वाद्य नव्हतं तेव्हा लोकांनी वाट कशी काढली, याचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण विली नेल्सनचं. कंट्री गायक नेल्सनने १९६९ मध्ये मार्टिनची एन-२० ही नायलॉनची गिटार घेतली. त्याच्या मोडलेल्या बाल्डविन गिटारमधला पिकअप नॅशव्हिलचा कारागीर शॉट जॅक्सन याने तिच्यात बसवला. नेल्सन ती पिकने वाजवत आला आहे, स्टीलवाला वाजवतो तशी. क्लासिकल गिटारला पिकगार्ड नसतो, कारण ती बोटांनी वाजवायची असते. त्यामुळे पिकच्या घर्षणाने त्या गिटारच्या तबलीला ब्रिज आणि साउंडहोल यांच्या मधे आरपार भोक पडलं. ट्रिगर नावाची ती गिटार अजून वाजते आहे. वाद्य एका हातासाठी बनलेलं आणि हात दुसराच, याचा इतका ठसठशीत पुरावा मला दुसरा माहीत नाही.

हाताच्या बाजूने वाद्य बदलण्याचं काम पुढे चेट अ‍ॅटकिन्सने केलं. अंगठ्यात थम्बपिक आणि बाकीची बोटं मोकळी, अशा शैलीचा हा मोठा वादक नायलॉनच्या प्रेमात होता. पण मोठ्या मंचावर, ड्रम आणि वाद्यवृंदाच्या सोबतीत, पोकळ पेटीची गिटार आवाज वाढवला की घुमायला लागायची. गिब्सनने १९८२ मध्ये आणलेली चेट अ‍ॅटकिन्स सीई त्यावरचं उत्तर होती: जवळजवळ भरीव देह आणि प्रत्येक तारेखाली ब्रिजमध्ये स्वतंत्र पिझो पिकअप. नटाची रुंदी निवडायची सोयही झाली, अरुंद हवी तर सीई आणि क्लासिकलसारखी हवी तर सीईसी.

मग बाकीचे आले. कॅनडातल्या क्वेबेकच्या गोडाँने मल्टिअ‍ॅक काढली, कॅलिफोर्नियाच्या टेलरने २००२ मध्ये एनएस मालिका, आणि यामाहाने तर दोन्ही हातांची वेगळी सोय केली: एनसीएक्स बाराव्या फ्रेटची आणि ५२ मिलिमीटरची, एनटीएक्स चौदाव्या फ्रेटची, पातळ पेटीची आणि ४८ ची. कॉर्डोबाच्या फ्यूजन १४ मध्ये तो चौदावा फ्रेट नावातच आहे. बेक्टेलचा बँजोवाला हात तिथपर्यंत पोहोचला.

मात्र चौदाव्या फ्रेटसाठी किंमत मोजावी लागते. नेक बाराव्या फ्रेटला भिडतो तेव्हा ब्रिज पेटीच्या रुंद भागाच्या मधोमध बसतो आणि तबली सर्वांत मोकळी हलते. चौदा फ्रेट केले की ब्रिज साउंडहोलकडे सरकतो. स्टीलच्या जोरकस तारांना ते फारसं जाणवत नाही, नायलॉनला जाणवतं. आवाजातला गोल, भरलेला भाग थोडा उणा होतो. पिकअप लावून मंचावर वाजवणाऱ्याला ही किंमत मोठी नाही. घरात, पिकअपशिवाय, तारेतून येणाऱ्या आवाजासाठीच जो नायलॉनकडे वळतो आहे, त्याने ४८ चा नट आणि किंचित गोलावलेला फ्रेटबोर्ड जरूर घ्यावा, फ्रेट मात्र बारावाच ठेवावा, असं माझं ठाम मत आहे. रुंदी हाताची अडचण सोडवते. पुढचे दोन फ्रेट किती गाण्यांत लागतात हे ज्याने त्याने आपल्या वादनात मोजावं.

आपल्याकडे मुंबई-पुण्यात गिटार शिकणारी बहुतेक मुलं स्टीलवरच सुरुवात करतात, तेव्हा हा प्रश्न इथेही पुष्कळांना पुढेमागे पडतो. दुकानात गेल्यावर नटावर पट्टी धरावी आणि मग साउंडहोलमधून छोटा आरसा व टॉर्च घालून तबलीची आतली बाजू पाहावी. पट्ट्या बारीक आणि पंख्यासारख्या असतील तर ती नायलॉनसाठी घडवलेली गिटार आहे. जाडजूड फुली दिसली, तर नुसत्या नायलॉनच्या तारा लावलेली स्टीलची गिटार आपल्या हाती दिली जात असण्याची शक्यता आहे. मग ती पिकअपशिवाय वाजवून नीट ऐकल्याखेरीज घेऊ नये.