साऱ्याचा हप्ता, सावकाराचे खत : इंदापूर ते सुपे

१/
‘हप्ता’ हा शब्द फारसीतून आला. त्याचा मूळ अर्थ आठवडा. मराठीत तो कर, कर्ज आणि (दुर्दैवाने) खंडणी अशा तिन्ही अर्थांनी रुळला. अनपेक्षित वाढलेला सारा भागवायचा, तर हप्ते कोण बांधून देणार, सरकार की सावकार? पुणे जिल्ह्यातील शेतकऱ्यांना हा प्रश्न १८६७ नंतर पडला.

२/
आधी पेशवाईतील रीत पाहू. गावाची जमाबंदी पाटील आणि कमाविसदार यांच्या घासाघिशीतून ठरे आणि वर्षाची रक्कम काही हप्त्यांत विभागली जाई. एल्फिन्स्टनच्या १८१९ च्या अहवालात वसुलीचे वर्णन आहे : रयतेला चावडीवर बोलावणे जाई, पोतदार नाणे पारखी, कुलकर्णी पावती देई. रक्कम कमी पडली, तर पाटील गावाच्या वतीने सावकाराकडून उचल घेई किंवा सूट मागे. हे सुवर्णयुग मात्र नव्हे. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती जास्त बोली लावणाऱ्याला मक्त्याने जाऊ लागल्या. मक्तेदाराला पुढच्या वर्षीच्या गावाशी काय देणेघेणे?

३/
कंपनी सरकारचा पहिला प्रयत्नही फसला. प्रिंगलने केलेली आकारणी इतकी जड होती, की इंदापूरची कित्येक शेते ओस पडली आणि अनेक शेतकरी निजामाच्या मुलखात निघून गेले. १८३५ मध्ये गोल्डस्मिड व विंगेट यांनी तेथेच नवी पाहणी सुरू केली. पुढील वर्षी हलका सारा ठरला, तोही तीस वर्षांसाठी.

४/
विंगेटपद्धतीचा हिशेब वरवर निर्दोष होता. सारा माफक आणि कायम असावा. चांगल्या सालच्या शिलकेतून शेतकऱ्याने वाईट साल भागवावे. म्हणजे सूट देण्याची गरजच पडणार नाही. पण यात एक गोष्ट नकळत गेली. आता देणेकरी गाव नव्हते, एकेकटा खातेदार होता. रक्कम ठरलेली, तारीख ठरलेली. घासाघीस करणारा पाटील केवळ वसुली करणारा उरला.

५/
तीस वर्षांची मुदत संपली ती नेमक्या चढत्या भावांच्या काळात. अमेरिकन यादवीमुळे (१८६१–६५) मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले होते, लोहमार्गाच्या कामांवर मजुरी मिळत होती, सावकार हात सैल सोडून कर्ज देत होते. फेरआकारणी करणाऱ्यांनी ही भरभराट कायमची मानली. इंदापुरात १८६७ मध्ये आणि पाठोपाठ शेजारच्या तालुक्यांत नवे दर लागले. अनेक ठिकाणी वाढ पन्नास ते शंभर टक्के होती. तोवर कापसाचा भाव कोसळला होता.

६/
इंदापूर हा शाळूचा मुलूख. परतीच्या पावसावर पेरायचे आणि माघ-फाल्गुनात कापायचे. हप्त्याची तारीख त्याआधी आली, तर घरात विकायला काही नसे. वाढीव आकार आणखी चार हप्त्यांत फोडून देण्याचा अधिकार चावडीवर कोणालाच नव्हता. तो अधिकार एकाच माणसाकडे होता : सावकाराकडे. तो सारा भरी आणि खत लिहून घेई.

७/
त्या खताची गोष्ट याहून कटू. १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने खत साधारण तीन वर्षेच ग्राह्य धरले जाई. हेतू ऋणकोच्या रक्षणाचा. प्रत्यक्षात दर तीन वर्षांनी थकलेले व्याज मुद्दलात मिळवून नवे खत होऊ लागले. एका सालच्या साऱ्याचा हप्ता असा वर्षानुवर्षे वाढत राही.

८/
१८७४ मध्ये मुंबई सरकारने वाढीला मर्यादा घातली : तालुक्यावर ३३ टक्के, एका गावावर ६६, एका खातेदारावर १००. आधीची आकारणी चुकली, याची ही कबुलीच होती. दरम्यान सावकारांनीही हात आखडला. १२ मे १८७५ रोजी सुपे येथे बाजाराच्या दिवशी दंगा उसळला आणि तो पुढे नगर जिल्ह्यात पसरला. जाळली गेली ती मुख्यतः सावकारांची खते आणि वह्या. सारा वाढवणारी कचेरी सहसा शाबूत राहिली!

९/
चौकशी आयोगाने दोष प्रामुख्याने सावकारी आणि कर्जबाजारीपणावर ठेवला. त्याचेच एक सदस्य ऑकलंड कॉल्विन यांनी स्वतंत्र टिपणात साऱ्याच्या फेरआकारणीवर टीका केली. अहवाल वाचताना ते टिपण वगळून चालत नाही.

१०/
पुढे १८७९ चा दख्खन शेतकरी संरक्षण कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांत न्यायाधीशाला खतामागचा मूळ व्यवहार तपासता येऊ लागला आणि डिक्रीची रक्कम हप्त्यांनी फेडण्याचा हुकूम देता येऊ लागला. हप्तेबंदीचा अधिकार असा कायद्यात परतला, पण तो सावकारी कर्जापुरता. सरकारी सारा त्या कक्षेत नव्हता.

११/
सावकारांनीही लवकरच वाट काढली. कर्जाच्या खताऐवजी ते जमिनीचे खरेदीखत लिहून घेऊ लागले आणि पैसे परत आले की जमीन परत, असे तोंडी वचन देऊ लागले. कागदावर कर्जच नसल्याने हप्ते बांधायचे तरी कशाचे?