भूमि-अभिलेखांची जालाधारित प्रणाली

जमिनीच्या हक्कनोंदी तालुक्याच्या कचेरीतील संगणकात अलगपणे न साठविता एका मध्यवर्ती सर्व्हरवर ठेवणे आणि अधिकृत व्यक्तीस कोठूनही ब्राउझरच्या द्वारे त्या पाहणे, त्यांत भर घालणे व दुरुस्ती करणे शक्य करून देणे, अशा व्यवस्थेस भूमि-अभिलेखांची जालाधारित प्रणाली म्हणतात. स्वतंत्र संगणकावर स्थापित केलेल्या आज्ञावलीची जागा जालावरील आज्ञावलीने घेण्याची जी प्रक्रिया एकविसाव्या शतकाच्या आरंभी जगभर घडली, तिचे महाराष्ट्रातील सर्वांत व्यापक आणि सर्वसामान्य माणसाच्या हिताशी सर्वाधिक निगडित असे हे उदाहरण होय. राज्यात सु. अडीच कोटी सात-बारा उतारे असून त्यांवर पीककर्ज, वारसाहक्क, भूसंपादनाचा मोबदला आणि असंख्य दावे अवलंबून असतात.

टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये कल्पिलेले विश्वव्यापी जाल प्रथमतः केवळ वाचनाचे साधन होते. ब्राउझरमधील प्रत्येक कृतीसाठी संपूर्ण पान नव्याने मागवावे लागे. त्यामुळे पत्रलेखन किंवा हिशेब यांसारख्या कामांत संगणकावरील आज्ञावलीशी त्याची बरोबरी होऊ शकत नव्हती. हॉटमेल या सेवेने १९९६ मध्ये टपालाचे काम ब्राउझरमध्ये आणले. पान न बदलता पार्श्वभूमीवर सर्व्हरशी देवाणघेवाण करण्याची सोय १९९९ मध्ये इंटरनेट एक्सप्लोररच्या पाचव्या आवृत्तीत आली. तथापि तिचे सामर्थ्य २००४ मधील जीमेल व २००५ मधील गूगल मॅप्स यांमुळेच लोकांच्या लक्षात आले. जेसी जेम्स गॅरेट यांनी २००५ मध्ये या तंत्रास ‘एजॅक्स’ हे नाव दिले. त्याच वर्षी रायटली आणि चेन्नईच्या अ‍ॅडव्हेंटनेट कंपनीचे झोहो रायटर हे जालावरील लेखनसंपादक अवतरले. आज्ञावलीची नवी आवृत्ती प्रत्येक संगणकावर स्वतंत्रपणे बसवावी लागत नाही आणि सर्वांसमोर एकच प्रत असते, हे या पद्धतीचे दोन मोठे लाभ. भूमि-अभिलेखांच्या बाबतीत दुसरा लाभ निर्णायक ठरला.

नागपूर विभागातील (नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे) अभिलेखांचा पूर्वेतिहास उर्वरित महाराष्ट्राहून वेगळा आहे. १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाल्यावर आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाल्यावर येथे मालगुजारी पद्धत दृढ झाली. गावाचा दप्तरी तलाठी नसून पटवारी असे व त्याचे मुख्य कागद खसरा आणि जमाबंदी हे होत. मध्य प्रदेश शासनाच्या १९५० च्या अधिनियमाने मालगुजारी संपुष्टात आली. १९५४ च्या जमीन महसूल संहितेने भूमिस्वामी आणि भूमिधारी असे धारणेचे प्रकार केले. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ही १५ ऑगस्ट १९६७ पासून अंमलात आली, तेव्हा विदर्भातील भूमिधारी हे भोगवटादार वर्ग दोनमध्ये समाविष्ट झाले. गावाच्या सामाईक हक्कांची निस्तार पत्रक व वाजिब-उल-अर्ज ही कागदपत्रेही कायद्यात विदर्भापुरती टिकून राहिली. गाव नमुना सात (अधिकार अभिलेख) व गाव नमुना बारा (पिकांची नोंदवही) हा एकच साचा सर्व राज्यास लागू झाला खरा, पण त्यातील शब्दांमागे निरनिराळे कायदेशीर इतिहास उभे होते. अशा एका शब्दाचे महत्त्व किती असू शकते, हे ‘झुडपी जंगल’ या नोंदीवरून दिसते. विभागातील सहाही जिल्ह्यांतील अशा जमिनी वन होत किंवा कसे, हा वाद दशकानुदशके चालला व अखेर सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये त्या वनजमिनीच असल्याचा निर्णय दिला.

संगणकीकरणाचा प्रारंभही याच विभागात झाला, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. केंद्र शासनाने १९८८–८९ मध्ये भूमि-अभिलेखांच्या संगणकीकरणासाठी देशातील आठ जिल्हे प्रायोगिक तत्त्वावर निवडले, त्यांत महाराष्ट्रातील वर्धा जिल्हा होता. पुढे योजनेचा विस्तार होऊन तालुक्याच्या ठिकाणी संगणक आले व छापील सात-बारा मिळू लागला. हा टप्पा सर्वस्वी स्वतंत्र संगणकांचा होता. तलाठ्याची हस्तलिखित वही हीच मूळ नोंद राही. फेरफार तीत होत आणि सवडीने तालुक्याच्या संगणकात उतरविले जात. परिणामी एकाच जमिनीचे दोन अभिलेख समांतर चालू लागले. छापील उतारा दिसण्यास नीटनेटका असला, तरी तो कधी कधी हस्तलिखितामागे कित्येक महिने असे. शिवाय त्या काळातील मराठी मजकुराचे संकेत आज्ञावलीगणिक भिन्न असत. युनिकोड रूढ होईपर्यंत असा मजकूर ब्राउझरमध्ये सरळ वाचता येत नव्हता.

दस्त नोंदणीच्या क्षेत्रात हाच क्रम अधिक स्पष्टपणे दिसतो. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयांत २००२ च्या सुमारास ‘सरिता’ ही आज्ञावली बसविण्यात आली. प्रत्येक कार्यालयाची माहिती त्या कार्यालयापुरतीच असे. २०१२ पासून तिच्या जागी ‘आय-सरिता’ ही मध्यवर्ती जालाधारित आज्ञावली आली. राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या पुणे येथील शाखेने ती विकसित केली. ‘ई-फेरफार’ ही तलाठी दप्तराची प्रणालीही त्याच केंद्राची. संहितेच्या कलम १५४ अन्वये खरेदीखताची सूचना निबंधकाने महसूल कचेरीस देणे पूर्वीही आवश्यक होते; मात्र ‘सूची दोन’चा कागद पोहोचून फेरफार घातला जाईपर्यंत बराच काळ जाई व त्या अवधीत तीच जमीन दुसऱ्यास विकण्याची फसवणूक शक्य होई. दोन्ही प्रणाली जोडल्या गेल्यावर दस्त नोंदताच त्याची माहिती तलाठ्याच्या पडद्यावर उमटू लागली. हितसंबंधितांना नोटीस देणे, हरकतीसाठी मुदत ठेवणे आणि मंडल अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करणे हे कलम १५० मधील टप्पे मात्र कायम राहिले; ते तसेच राहणे इष्टही होते.

स्थित्यंतर सुखाने झाले नाही. जालावरील आज्ञावलीत एकच अभिलेख खरा मानावयाचा, तर आधी हस्तलिखित व संगणकीय उतारे अक्षरशः जुळविणे भाग होते. क्षेत्राची बेरीज न जुळणे, नावे गळणे, इतर हक्कांच्या रकान्यातील बोजा वगळला जाणे असे दोष मोठ्या प्रमाणावर आढळले. त्यांसाठी प्रणालीत ‘एडिट’ व नंतर ‘री-एडिट’ या सोयी करण्यात आल्या, आणि २०१७ मध्ये गावोगावी चावडीवाचन करून खातेदारांसमोर उतारे वाचण्यात आले. नव्या यंत्राची चूक जुन्या चावडीने पकडावी, हा योग लक्षणीय आहे. त्यानंतरच्या दुरुस्त्या कलम १५५ खाली होऊ लागल्या. हे कलम कारकुनी चुकांपुरते असल्याने त्याच्या आधारे हक्कांतच बदल केल्याच्या तक्रारीही उद्‍भवल्या. कलम १५७ नुसार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. त्यामुळे गळलेल्या नावाच्या खातेदारावरच पुराव्याचा भार येतो.

दुसरी अडचण जोडणीची. स्वतंत्र संगणक तारेवाचून चालतो, जालाधारित आज्ञावली चालत नाही. गडचिरोलीच्या वनप्रदेशात ही उणीव तीव्रतेने जाणवे आणि अन्यत्रही सर्व्हर संथ असला की तलाठ्याचा दिवस वाया जाई. नागपूर हा राज्यातील पहिला डिजिटल जिल्हा म्हणून २०१६ मध्ये जाहीर झाला व ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेण्यात आले. तथापि तालुक्याच्या सर्व कामांचा भार एका सर्व्हरवर एकवटल्याने उद्‍भवणारा विलंब केवळ तारेने दूर होणारा नव्हता.

१ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सात-बारा जालावर मिळू लागला. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ने अशा स्वाक्षरीस मान्यता दिलेली असल्याने त्यावर तलाठ्याच्या सही-शिक्क्याची आवश्यकता उरली नाही. प्रतीस १५ रुपये शुल्क ठेवण्यात आले. ‘महाभूलेख’ या संकेतस्थळावर विनामूल्य दिसणारा उतारा मात्र केवळ माहितीसाठी असतो, हा भेद अनेकांच्या ध्यानात येत नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून ‘ई-पीक पाहणी’द्वारे गाव नमुना बारामधील पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः भ्रमणध्वनीवरून करण्याची पद्धत राज्यभर सुरू झाली. मालगुजारीच्या काळापासून पटवारी व तलाठी यांच्याच लेखणीत असलेला हा रकाना त्यामुळे प्रथमच जमीन कसणाऱ्याच्या हाती आला.