लष्कर आलं तेव्हा

परळच्या चाळीत आजी आम्हाला 'लारी' आली म्हणून घाबरवायची. तिच्या बोलण्यात लारी म्हणजे गोऱ्या सोल्जरांची. फेब्रुवारी 1946 मध्ये नौसैनिकांनी संप पुकारला, गिरण्या बंद पडल्या, आणि इंग्रज सरकारने शहरात फौज उतरवली. "दाराला कडी घालून आई आम्हा पोरींना मोरीत बसवायची," आजी सांगे. परळला गोळीबारात कार्यकर्त्या कमल दोंदे गेल्या. त्या दिवसांत मुंबईत दोनशेहून अधिक माणसं मेली. फौजेचं नाव निघालं की आजीचा हात कडीकडे जायचा, तो पुढे कायमचाच.

मामा पोलिसात शिपाई. जानेवारी 1993 च्या दंगलीत रस्त्यावर लष्कराचं संचलन निघालं, तेव्हा त्याला सुटल्यासारखं वाटलं. "पण बाई," तो आजीला म्हणाला, "ती माणसं चार दिवसांनी छावणीत जातील. चाळीत राहायचंय आम्हाला." मला हे पटतं. जवानाला शत्रू ठाऊक असतो, शिपायाला वस्ती. कायद्यानेही सेना मुलकी सत्तेच्या मदतीलाच येते, आणि जमाव पांगवताना कमीत कमी बळ वापरावं, हे बंधन तिच्यावर आहे.

26 नोव्हेंबर 2008 ची रात्र मात्र वेगळी होती. दंगलीत समोर जमाव असतो. इथे एके-47 घेतलेले दहा दहशतवादी आले होते. सीएसटी स्थानकावर रेल्वे पोलिसांकडे काठ्या आणि जुन्या थ्री-नॉट-थ्री. तिथे पन्नासहून अधिक लोक गेले. गिरगाव चौपाटीवर पोलीस तुकाराम ओंबळे यांनी त्या दहांतल्या कसाबच्या बंदुकीची नळी धरून ठेवली, म्हणून तो जिवंत हाती आला. कुलाब्याहून लष्कर आलं, नौदलाचे मार्कोस कमांडो ताज हॉटेलमध्ये शिरले. पण अशा कामासाठीच 1984 मध्ये उभारलेलं एनएसजी हे कमांडो दल तेव्हा मानेसरला होतं. ते मुंबईत पोचेपर्यंत 27 ची सकाळ उजाडली. विमानतळावरून बेस्टच्या बसने जवान निघाले. मेजर संदीप उन्नीकृष्णन आणि हवालदार गजेंदर सिंग यांनी प्राण दिले. 29 ला सकाळी ताज मोकळं झालं. हल्ला झालेल्या नरिमन हाउसजवळ लोक रस्त्यावर उतरून जवानांचा जयजयकार करत होते. आजी तोवर उरली नव्हती. असती तर तिने त्या दिवशी दार उघडं ठेवलं असतं, असं मला मनापासून वाटतं. 1946 ची फौज परक्या सत्तेचा हुकूम पाळायला आली होती, ही आपल्या माणसांना सोडवायला.

2009 मध्ये एनएसजीचा तळ मुंबईत आला, राज्याने फोर्स वन हे आपलं कमांडो पथक उभारलं. दोन्ही गरजेचंच. तरी पहिली गोळी सुटते तेव्हा समोर नाक्यावरचा शिपाईच असतो. आपल्या भागातल्या पोलिसांना वर्षभरात गोळीबाराचा सराव किती मिळतो, चिलखत किती जणांना आहे, हे प्रत्येकाने आपल्या आमदाराला विचारावं, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहावं.